आधी रुग्ण, मग आरोपी : अँथ्रॅक्स, जैविक हल्ला आणि जिल्ह्याचे आरोग्य

जंतूंचा हल्ला झाला, हे सगळ्यांत आधी कुणाला कळते? बॉम्ब फुटला की जागा आणि वेळ त्याच क्षणी कळते. जंतू सोडले तर काही दिवस, कधी काही आठवडे काहीच घडत नाही. मग वेगवेगळ्या दवाखान्यांत तापाचे रुग्ण येऊ लागतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल हे कुणाच्या ध्यानीमनीही नसते. म्हणून हल्ल्याची पहिली खबर पोलीस ठाण्यात पोचत नाही, लष्कराच्या छावणीतही नाही. ती ओपीडीच्या रांगेत येऊन उभी राहते.

२००१ साली अमेरिकेत असेच झाले. फ्लोरिडातल्या एका वृत्तपत्र कंपनीतले छायाचित्र संपादक रॉबर्ट स्टीव्हन्स यांना २ ऑक्टोबरच्या पहाटे दवाखान्यात आणले, तेव्हा त्यांना ताप होता, उलट्या होत होत्या आणि ते असंबद्ध बोलत होते. मेंदूज्वर असावा म्हणून पाठीतले पाणी काढले गेले. संसर्गरोगतज्ज्ञ डॉ. लॅरी बुश यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यांना जाड, काठीसारखे, एकामागे एक जोडलेले जंतू दिसले. असे चित्र तिथल्या डॉक्टरांनी पुस्तकातच पाहिलेले होते. श्वासावाटे झालेल्या अँथ्रॅक्सचा अमेरिकेतला आधीचा रुग्ण १९७६ सालचा. बुश यांनी शंका मनात ठेवली नाही. त्यांनी काउंटीच्या आरोग्यप्रमुख डॉ. जीन मॅलेकी यांना कळवले, नमुना राज्याच्या प्रयोगशाळेत गेला आणि ४ ऑक्टोबरला निदान पक्के झाले. दुसऱ्या दिवशी स्टीव्हन्स वारले.

निदान जाहीर झाले त्याच दिवशी अमेरिकेचे तेव्हाचे आरोग्यमंत्री टॉमी थॉम्प्सन यांनी पत्रकारांसमोर एक तपशील सांगितला : रुग्ण काही दिवसांपूर्वी एका ओढ्याचे पाणी प्यायला होता. ओढ्याच्या पाण्याने फुप्फुसाचा अँथ्रॅक्स होत नाही. लोकांना धीर द्यावा हा हेतू चांगलाच होता, पण थोड्याच दिवसांत टपालाच्या पाकिटांतून पांढरी भुकटी निघू लागली आणि ओढ्याची गोष्ट सरकारच्या अंगाशी आली. पुढच्या प्रत्येक निवेदनाकडे लोक संशयाने पाहू लागले. त्या हल्ल्यात एकूण २२ जणांना रोग झाला, ११ जणांना फुप्फुसाचा आणि ११ जणांना त्वचेचा. पाच जण गेले.

इकडे बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला आणि गुराख्याला हा रोग परका नाही. गुरांना होतो तेव्हा त्याला फाशी म्हणतात आणि माणसाच्या कातडीवर उठतो तेव्हा काळपुळी. रात्री वैरण खाल्लेला धडधाकट बैल सकाळी गोठ्यात मेलेला सापडतो. नाकातून, गुदद्वारातून काळपट रक्त येते आणि ते गोठत नाही. पोट लवकर फुगते, अंग मात्र नेहमीसारखे ताठत नाही. अशा जनावराचे शवविच्छेदन करायचे नाही, कातडे सोलायचे नाही, हा पशुवैद्यकातला पहिला दंडक आहे. कारण जंतू शरीरात असेपर्यंत नाजूक असतो. रक्त उघड्या हवेत आले की तो स्वतःभोवती टणक कवच करून बीजाणूच्या रूपात जातो आणि मग ऊन, पाऊस, दुष्काळ यांतून वर्षानुवर्षे टिकतो. म्हणून मेलेले जनावर जागच्या जागी जाळायचे, नाहीतर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचे. दुष्काळानंतरच्या पहिल्या जोरदार पावसात माती उकरली जाते, कोवळे गवत मुळासकट ओरबाडले जाते आणि जुन्या जागी रोग पुन्हा डोके काढतो.

माती किती काळ हा रोग धरून ठेवते, याचे उदाहरण स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटाचे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रिटिशांनी तिथे मेंढ्या बांधून अँथ्रॅक्सच्या बॉम्बची चाचणी घेतली. मेंढ्या मेल्या, चाचणी यशस्वी ठरली आणि बेट बंद करावे लागले. १९८६ साली समुद्राच्या पाण्यात २८० टन फॉर्मॅल्डिहाइड मिसळून ती जमीन भिजवली, तेव्हा कुठे १९९० मध्ये बेट माणसाला वावरण्याजोगे ठरले. चाचणीपासून ४८ वर्षे झाली होती.

माणसाला हा रोग तीन वाटांनी गाठतो. कातडीवरच्या जखमेतून आला तर एक फोड येतो, तो फुटतो आणि मधोमध काळी खपली धरते. ती दुखत नाही, म्हणूनच माणूस ती अंगावर काढतो. मेलेल्या जनावराचे मांस खाल्ले तर पोटाचा होतो. ओडिशातल्या कोरापूटमध्ये, आंध्रच्या अराकू खोऱ्यात असे रुग्ण वारंवार सापडले आहेत आणि त्यामागे बहुतेक वेळा गरिबी असते : मेलेली शेळी टाकून देणे परवडत नाही. बीजाणू श्वासातून आत गेले तर तिसरा, सर्वांत घातक प्रकार. दोन-तीन दिवस साधा फ्लू वाटतो आणि मग माणूस काही तासांत कोसळतो. एक गोष्ट मात्र गावोगावी ठसवून सांगायला हवी. हा रोग खोकल्यातून, शेजारी बसल्याने एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. रुग्णाला वाळीत टाकण्याचे, गाव सोडून पळण्याचे काहीच कारण नसते. वेळेत ओळखला तर त्यावर जुनी, साधी प्रतिजैविके चालतात. त्यांतले डॉक्सिसायक्लिन सरकारी दवाखान्याच्या नेहमीच्या औषधांतले आहे.

गुरांसाठीची लस तर १९३७ पासून आहे. दक्षिण आफ्रिकेतले पशुवैद्य मॅक्स स्टर्न यांनी ती तयार केली आणि महाराष्ट्रासाठी अँथ्रॅक्सची लस पुण्यात औंधच्या सरकारी संस्थेत बनते. याच स्टर्न जातीच्या जंतूचा एक विलक्षण अध्याय जपानमध्ये घडला. १९९३ साली ओम शिनरिक्यो या पंथाने तोक्योतल्या कामेइदो भागातल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवरून अँथ्रॅक्सचा फवारा सोडला. आसपासच्या लोकांनी दुर्गंधीच्या तक्रारी केल्या, पण रोग कुणालाही झाला नाही. पुढे कित्येक वर्षांनी जनुकीय तपासणीत कळले की पंथाच्या हाती लागलेला जंतू गुरांच्या लशीतला, निरुपद्रवी केलेला होता. दोन वर्षांनी याच पंथाने तोक्योच्या भुयारी रेल्वेत सरीन वायू सोडला, तेव्हा मात्र माणसे मेली.

आता पुन्हा २००१ कडे जायला हवे, कारण तिथे घडलेली सर्वांत मोठी चूक प्रयोगशाळेत झाली नव्हती. १५ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये सिनेटर टॉम डॅशल यांच्या कार्यालयात एक पाकीट उघडले गेले आणि भुकटी उडाली. काही तासांत तिथल्या कर्मचाऱ्यांच्या नाकातून नमुने घेतले गेले, हातात गोळ्या पडल्या. अगदी योग्य काम होते ते. पण ते पाकीट आकाशातून पडले नव्हते. ते शहरातल्या ब्रेंटवूड टपाल केंद्रातून आले होते. तिथल्या वेगवान यंत्रांतून दाबले जात, वर्गवारी होत पुढे गेले होते. बंद पाकिटातून बीजाणू बाहेर येणार नाहीत, असे तज्ज्ञांनी गृहीत धरले होते. यंत्राच्या दाबाने कागदाच्या सूक्ष्म छिद्रांतून भुकटी हवेत उडते, हे कुणी तपासले नव्हते. सिनेटच्या लोकांना औषध मिळाल्यावरही सहा दिवस ब्रेंटवूडचे टपाल कर्मचारी त्याच हवेत काम करत राहिले. केंद्र बंद झाले ते २१ ऑक्टोबरला. थॉमस मॉरिस त्याच दिवशी गेले. त्या पहाटे त्यांनी स्वतःच आपत्कालीन सेवेला फोन करून आपल्याला अँथ्रॅक्स झाला असावा, असे सांगितले होते. जोसेफ कर्सीन यांना दवाखान्यातून एकदा घरी पाठवले गेले होते. ते २२ तारखेला गेले. त्या केंद्राला आज या दोघांचे नाव आहे.

ब्रेंटवूडमधले बहुसंख्य कर्मचारी कृष्णवर्णीय होते. सिनेटरांच्या कचेरीत काही तासांत पोचलेले औषध आपल्यापर्यंत यायला जवळपास आठवडा लागला, हे त्यांनी पाहिले आणि ते विसरले नाहीत. त्या हल्ल्यानंतर सुमारे दहा हजार लोकांना ६० दिवस प्रतिजैविक घ्यायला सांगितले होते. पुढच्या पाहणीत आढळले की पूर्ण ६० दिवस औषध घेणारे शंभरात ४४ होते. गोळ्यांनी पोट बिघडत होते हे एक कारण. दुसरे कारण असे की सांगणाऱ्यावर विश्वास उरला नव्हता.

६० दिवस हा आकडा कुठून आला? त्यामागे रशियातल्या एका शहराची कथा आहे आणि साथीचा खरा उगम दडपला की काय होते हे पाहायचे असेल तर ती सविस्तर ऐकायला हवी. उरल पर्वताच्या पायथ्याचे स्वेर्दलोव्स्क, आताचे येकातेरिनबुर्ग. एप्रिल १९७९ मध्ये तिथे माणसे पटापट मरू लागली. कुणी कामावर, कुणी घरी. सरकारने सांगितले, चोरून विकलेल्या रोगट मांसाने हे झाले. भिंतींवर तसे फलक लागले, भटकी कुत्री मारली गेली, घरांची छपरे धुतली गेली. स्पष्टीकरण पटण्यासारखे होते, कारण मांसातून अँथ्रॅक्स होतो हे सगळ्यांना ठाऊक होते. पण शवागारात डॉ. फाइना अब्रामोवा आणि डॉ. लेव्ह ग्रिनबर्ग हे दोन विकृतिशास्त्रज्ञ काम करत होते. त्यांना मृतांच्या आतड्यांपेक्षा छातीतल्या लसिकाग्रंथींत रक्तस्राव दिसला. म्हणजे जंतू पोटातून गेले नव्हते, श्वासातून गेले होते. गुप्तचर यंत्रणेने दवाखान्याचे कागद उचलून नेले. या दोघांनी ऊतकांचे नमुने आणि टिपणे जपून ठेवली.

तेरा वर्षांनी, १९९२ मध्ये, बोरिस येल्त्सिन यांनी मान्य केले की कारण लष्करी होते. १९७९ साली ते त्याच प्रांताचे पक्षप्रमुख होते. त्यानंतर अमेरिकन जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेलसन आणि समाजशास्त्रज्ञ जीन गिलेमिन शहरात घरोघर गेले. मृतांच्या नातेवाइकांना त्यांनी विचारले : एप्रिलच्या सुरुवातीला तुमचा माणूस दिवसा कुठे होता? ती ठिकाणे नकाशावर मांडली तर लष्करी संकुलापासून आग्नेयेकडे जाणारा एक अरुंद पट्टा उमटला. २ एप्रिलचा वारा नेमका त्याच दिशेने वाहत होता आणि त्याच रेषेत पुढे ५० किलोमीटरपर्यंतच्या गावांत मेंढ्या-गुरे मेली होती. किमान ६६ माणसे गेली. काही रुग्ण तर त्या दिवसानंतर सहा आठवड्यांनी आजारी पडले, म्हणजे बीजाणू फुप्फुसात इतका काळ दबा धरून बसू शकतात. २००१ मध्ये औषधाची मुदत ६० दिवस ठरली, तिला या ज्ञानाचाही आधार होता. ते ज्ञान १९७९ मध्येच मिळू शकले असते.

महाराष्ट्रालाही २००१ ची झळ लागली. नोव्हेंबरमध्ये मंत्रालयात तेव्हाचे उपमुख्यमंत्री छगन भुजबळ यांच्या कार्यालयात आलेल्या एका पाकिटात अँथ्रॅक्स असल्याच्या बातमीने देशभर खळबळ उडाली. भारतात त्या काळात पाकिटामुळे कुणाला रोग झाला नाही. पण पांढऱ्या भुकटीने, मग ती पावडर असो की पीठ, कचेऱ्या रिकाम्या होऊ शकतात हे सगळ्यांनी पाहिले.

भीतीची ताकद तर इथल्या लोकांनी त्याच्या सात वर्षे आधीच पाहिली होती. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या वर्षात, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडू लागले, पिसवांचा त्रास वाढला आणि लोकांच्या जांघेत, काखेत गाठी आल्या. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाचा प्लेग फुटला. देशभरात पन्नासहून अधिक मृत्यू झाले. पण सुरतेतून काही लाख लोक पळाले. त्यांत खानदेश-विदर्भातले मजूर होते आणि तापी खोऱ्याच्या रेल्वेने ते भुसावळकडे आले. कित्येक देशांनी भारताची विमाने थांबवली. त्याच काळात परकीय हाताची चर्चाही वर्तमानपत्रांतून झाली. सुरत सावरली ती त्या चर्चेने नाही. घराघरांत पोचलेल्या टेट्रासायक्लिनने आधी मृत्यू थांबले आणि पुढच्या वर्षी आयुक्त एस. आर. राव यांनी शहराची सफाई हातात घेतली तेव्हा रोगाची मुळे उखडली गेली. सक्तीचा मार्ग काय फळ देतो हे तर पुण्याने १८९७ मध्येच दाखवले होते. प्लेगच्या साथीत ब्रिटिश अधिकारी रँडच्या पथकांनी घरे फोडून झडत्या घेतल्या आणि लोक आपले रुग्ण माळ्यावर लपवू लागले. लपवलेल्या रुग्णाची नोंद होत नाही, आणि नोंद नसलेल्या साथीशी कुणालाच लढता येत नाही.

आता बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्याची गोष्ट. ती अँथ्रॅक्सची नाही, हल्ल्याची तर मुळीच नाही. पण अनोळखी रोग अचानक आला तर एक जिल्हा काय करतो, हे त्यात जवळून दिसले.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग केस राठ होणे, मग हात फिरवला की पुंजका मुठीत येणे. तीन-चार दिवसांत टक्कल. म्हातारे होते, तरुण मुली होत्या, शाळकरी मुले होती. आरोग्य विभागाची पथके गावात गेली, पाण्याचे आणि त्वचेचे नमुने घेतले गेले. पहिला संशय पाण्यावर आला आणि ते साहजिकच होते, कारण हा पूर्णेचा खारपाणपट्टा. इथल्या विहिरी-बोअरचे खारे पाणी आणि मूत्रपिंडाचे विकार ही जुनी दुखणी आहेत. तपासणीत नायट्रेट जास्त निघाले. कुणी शाम्पूवर बोट ठेवले, कुणी बुरशीवर. वाहिन्यांनी ‘टक्कल व्हायरस’ असे नाव देऊन टाकले. विषाणू सापडलेलाच नव्हता, पण नाव पसरले. या गावच्या माणसाजवळ बसावे की नाही, सलूनमध्ये त्याला घ्यावे की नाही, इथवर गोष्ट गेली. लग्नाच्या वयाची मुले-मुली असलेल्या घरांत तर मोठी चिंता होती.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके जानेवारीत आली. रक्त, लघवी, केस, पाणी, माती, अन्न यांचे नमुने गेले. दुसरीकडे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर स्वतःहून या गावांत पोचले. विंचूदंशावर आयुष्य घालवलेल्या, पद्मश्री मिळालेल्या या डॉक्टरांचे मूळ गाव शेजारच्या जालना जिल्ह्यातले. त्यांनी रुग्ण तपासले, नमुने स्वतंत्र प्रयोगशाळेकडे पाठवले आणि फेब्रुवारीत निष्कर्ष मांडला : १८ गावांतल्या २७९ जणांना त्रास झाला होता, तपासलेल्या रुग्णांत सेलेनियम रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट जास्त होते, जस्त मात्र कमी झाले होते. त्यांच्या मते उगम होता रेशनच्या गव्हात. पंजाबात शिवालिक डोंगरांच्या पायथ्याशी काही जमिनींत सेलेनियम मुबलक आहे, ते पिकात उतरते. या गव्हात ते स्थानिक गव्हाच्या ६०० पट आढळले. गव्हाच्या उगमावर पुढे वाद झाला. एप्रिलमध्ये काही रुग्णांची नखे विद्रूप होऊन गळू लागली. सेलेनियमच्या विषबाधेत केसांमागून नखे जातात, हे वैद्यकाच्या पुस्तकांत आहे.

या घटनाक्रमात दोन गोष्टी मनापासून गौरवाव्या अशा आहेत. गावाने रोग लपवला नाही. सरपंचांनी, पालकांनी तो बाहेर सांगितला. आणि तपास पाण्याशी थांबला नाही. पहिले उत्तर पुरेसे नाही म्हणून कुणीतरी ताटातल्या पोळीपर्यंत गेले. कमी पडले ते बोलणे. रोज सायंकाळी एका जबाबदार अधिकाऱ्याने गावात उभे राहून काय तपासले, काय निघाले, कशाची तपासणी बाकी आहे आणि तोवर काय खावे-प्यावे हे चार वाक्यांत सांगितले असते, तर ‘व्हायरस’ची अफवा इतकी टिकली नसती. सेलेनियमसारखा घटक असेल तर ते धान्य त्या दिवसापासून थांबवणे हाच पहिला उपचार, आणि तो उगमाचा वाद मिटेपर्यंत थांबू शकत नाही.

हे सारे एखाद्या माथेफिरूने मुद्दाम केले असते तर पहिले पंधरा दिवस वेगळे दिसले असते का? नसते. याचा दाखला ज्या घटनेत आहे, तिचे धागे पुण्यापर्यंत येतात. कोरेगाव पार्कातून १९८१ मध्ये अमेरिकेत गेलेल्या रजनीशांच्या अनुयायांनी ऑरेगनमध्ये वसाहत वसवली. सप्टेंबर १९८४ मध्ये जवळच्या द डॅलेस गावात हॉटेलांतल्या सॅलडमधून ७५१ जणांना साल्मोनेलाची बाधा झाली. सुदैवाने मृत्यू नाही. आरोग्य खात्याने कसून तपास केला आणि दोष स्वयंपाकघरातल्या अस्वच्छ हातांवर गेला. वर्षभराने वसाहतीत फूट पडली, खुद्द रजनीशांनी आपल्या माजी सचिव शीला यांच्या गटावर जाहीर आरोप केले, मग वसाहतीतल्या प्रयोगशाळेत तोच जंतू मिळाला. स्थानिक निवडणुकीत विरोधकांना मतदानाला जाता येऊ नये, म्हणून ही रंगीत तालीम होती. शेगावात घातपाताचा संशय घेणे चूक ठरले असते. द डॅलेसमध्ये तो लवकर सोडून देणे चूक ठरले. दोन्हीकडे आजारी माणसाला लागणारी मदत मात्र एकच होती : किती जण, कुठले, काय खाल्ले, कुठे गेले, याची नेटकी यादी आणि ती यादी वाचणारा माणूस.

अशी यादी ठेवण्याची व्यवस्था देशात आहे. २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. आरोग्य सेविका लक्षणांवरून, डॉक्टर निदानावरून आणि प्रयोगशाळा तपासणीवरून नोंद करते. जिल्ह्यात शीघ्र प्रतिसाद पथक असते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००८ मध्ये जैविक आपत्तींसाठी मार्गदर्शिका काढली. कागद चांगले आहेत. पण २०११ च्या जनगणनेनुसार २५ लाख ८६ हजार वस्तीच्या, तेरा तालुक्यांच्या बुलढाणा जिल्ह्यात ते कागद जिवंत ठेवायचे तर काही साध्या गोष्टी लागतील, आणि त्यांतली सर्वांत महत्त्वाची म्हणजे पशुधन विकास अधिकारी आणि वैद्यकीय अधिकारी यांची नेहमीची बोलचाल. ज्ञानगंगेच्या जंगलाकाठी, सातपुड्याच्या पायथ्याशी मेंढपाळांचे आणि काठेवाड्यांचे कळप फिरतात. एखाद्या कळपात एका रात्रीत चार मेंढ्या गेल्या तर पशुवैद्य शिवारात जाईल, लस टोचेल, आपल्या खात्याला अहवाल देईल. त्याच आठवड्यात त्या मेंढपाळाच्या हातावर काळी खपली आली तर तो दुसऱ्या गावच्या दवाखान्यात जाईल, तिथे मलम मिळेल आणि दोन्ही नोंदी दोन खात्यांच्या दोन वेगळ्या रजिस्टरांत राहतील. स्वेर्दलोव्स्कचा उलगडा माणसे आणि मेंढ्या एकाच नकाशावर आल्या तेव्हा झाला होता. तालुक्याच्या पातळीवर दर आठवड्याला या दोन अधिकाऱ्यांनी अर्धा तास एकत्र बसायला नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही.

प्रयोगशाळेचे तसे नाही. जिल्हा रुग्णालयात सूक्ष्मदर्शकासमोर बसणारा तंत्रज्ञ कंत्राटी असेल, त्याचे कंत्राट दर काही महिन्यांनी संपत असेल, तर कधी न पाहिलेला जंतू दिसल्यावर वरिष्ठांना फोन करण्याचा अधिकार आपल्याला आहे असे त्याला वाटणार नाही. बुश यांनी फोन केला आणि पलीकडून मॅलेकींनी तो गांभीर्याने घेतला, यात दोघांच्या ज्ञानाइतकाच त्यांच्या नोकरीच्या स्थैर्याचा वाटा असावा.

आणि शेवटी गोळ्यांचा हिशेब. मोठ्या माणसाला डॉक्सिसायक्लिन दिवसाला दोन, ६० दिवस, म्हणजे १२० गोळ्या. दोन हजार वस्तीचे एक गाव धरले तर सुमारे दोन लाख चाळीस हजार गोळ्या. एवढा साठा राज्याच्या भांडारातून दोन दिवसांत आणता येईल. पण गोळ्या गावात आल्याने काम होत नाही, हे २००१ च्या त्या ४४ टक्क्यांनी सांगितले आहे. तिसऱ्या आठवड्यात ताप नाही, खोकला नाही, मळमळ मात्र रोज, अशा माणसाला त्याच्या ओसरीवर बसून अजून चाळीस दिवस गोळी का घ्यायची हे पटवणारे त्या गावात कोण असेल? हजार वस्तीमागे एक, म्हणजे दोन आशा सेविका. कोविडमध्ये घरोघर ऑक्सिमीटर घेऊन फिरल्या त्याच. ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी संपावर गेल्या, मुंबईला आझाद मैदानावर दिवस-रात्र बसल्या. जिल्ह्याचा जैविक आपत्तीचा आराखडा जेव्हा नव्याने लिहिला जाईल, तेव्हा त्यात संरक्षक पोशाखांच्या आणि फवारणी यंत्रांच्या खरेदीआधी, पहिल्याच पानावर, या दोन बायकांचे मानधन किती आणि ते महिन्याच्या कुठल्या तारखेला त्यांच्या खात्यात जमा होते, हे लिहिलेले असावे.